वाद, जल्प आणि वितंडा

दिवेलागणीची वेळ आमच्या घरात फार जुन्या काळापासून ठरलेली आहे. देवापुढे निरांजन लागते, मुले हातपाय धुऊन पाढे म्हणावयास बसतात आणि वडील माणसे ओसरीवर येऊन दिवसभराच्या कामाचा हिशेब एकमेकांस सांगतात. गेल्या काही वर्षांपासून या वेळेवर एका पाहुण्याने आपला हक्क बसविला आहे. हा पाहुणा माजघराच्या भिंतीवर राहतो, सायंकाळी सातास बोलू लागतो आणि नऊ वाजेपर्यंत घरातील दुसऱ्या कोणासही बोलू देत नाही. वाचकांनी ओळखलेच असेल की, मी दूरचित्रवाणीच्या संचाविषयी आणि विशेषतः त्यावर रोज भरणाऱ्या राजकीय चर्चेविषयी लिहीत आहे.

एके दिवशी अशीच चर्चा रंगात आली असता आमच्या चौथीतल्या नातीने पाढे थांबवून मला विचारले, "आजोबा, ही सगळी माणसे एकाच वेळी का बोलतात? आमच्या वर्गात असे कोणी बोलले तर बाई रागावतात." मी ३८ वर्षे मास्तरकी केली, वर्गातील गोंगाटाची कारणे मला तोंडपाठ आहेत. तरी या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. "तू आपले पाढे म्हण" असे सांगून मी वेळ मारून नेली. तेच राहिलेले उत्तर आज येथे लिहीत आहे. नातीला पेलेल इतके ते लहान झालेले नाही, यास माझा नाइलाज आहे.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडासा अधिकारही प्राप्त झाला आहे, कारण मी स्वतः एकदा या चर्चेत चार सेकंद झळकलो आहे. ती हकिकत अशी. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगला, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात शरद पवार यांच्या कन्या सुप्रिया सुळे व त्यांचे पुतणे अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. नणंद आणि भावजय यांची लढत म्हटल्यावर देशभराच्या वाहिन्यांना आमच्या मुलुखाची ओढ लागली. एप्रिलच्या ऐन उन्हात छपरावर तबकडी बसविलेली एक मोटार आमच्या इंदापूरच्या बाजारात येऊन उभी राहिली. तीतून उतरलेला तरुण वार्ताहर मोठा सालस होता. तो मला म्हणाला, "काका, इंदापूरचा कौल कोणाला?"

मी मास्तर, विचारले की सांगावयाचे ही खोड. मी म्हणालो, "घर दुभंगले याचे वाईट प्रत्येकालाच वाटते. पण त्या वाईट वाटण्यावर मत देणे मला योग्य वाटत नाही. पाणी, उसाचा दर आणि मुलांच्या नोकऱ्या, यांचा विचार करून ज्याने त्याने मत द्यावे." याशिवाय आणखीही पुष्कळ बोललो. रात्री सर्व कुटुंब संचापुढे जमले. माझा चेहरा दिसला, मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि मी एवढेच बोललेला ऐकू आलो : "घर दुभंगले याचे वाईट प्रत्येकालाच वाटते." खाली ठळक अक्षरांत पट्टी होती, 'इंदापुरात सहानुभूतीची लाट'. माझे दुसरे वाक्य, ज्याकरिता मी पहिले बोललो होतो, ते कोठेच नव्हते.

याचा परिणाम दुसऱ्याच सकाळी दिसला. आमचे शेजारी नाना आणि मी चाळीस वर्षांचे स्नेही. पहाटे पाचास त्यांची काठी आमच्या फाटकावर वाजावयाची आणि आम्ही फिरावयास निघावयाचे, हा नेम पावसातही चुकत नसे. नानांचे चिरंजीव त्या निवडणुकीत घड्याळाच्या चिन्हासाठी राबत होते. त्या दिवशी काठी वाजली नाही. मी होऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही कोणास मत द्यावे हा तुमचा प्रश्न. पण चाळीस वर्षांत मला न सांगितलेली गोष्ट तुम्ही साऱ्या महाराष्ट्राला सांगितलीत." मी पुष्कळ समजावून सांगितले, पण जे डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकले त्यापुढे समजावणीचे काय चालणार!

घरातही बरे चालले नव्हते. माझे चिरंजीव एका वाहिनीचे भक्त, पुतणे दुसऱ्या वाहिनीचे. दोघेही बारामतीस नोकरीला एकाच मोटारसायकलीवरून जाणारे. पण जेवावयास बसले की एक जण वाहिनीवरच्या एका विश्लेषकाचे वाक्य फेकी आणि दुसरा त्यावर दुसऱ्या विश्लेषकाचे. एका रात्री आवाज इतका चढला की आमच्या वहिनींनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुमची ताटे त्या वाहिनीवाल्यांनाच वाढू द्या." विश्लेष या शब्दाचा संस्कृत काव्यातील रूढ अर्थ वियोग असा आहे, म्हणजे जिवलगांची ताटातूट. राजकीय विश्लेषकांनी तो अर्थ आमच्या घरापुरता तरी खरा करून दाखविला.

तारुण्यात एका शास्त्रीबुवांपाशी मी तर्कसंग्रह वाचला आणि त्याच्या आधाराने गौतमांच्या न्यायसूत्रांतही थोडाफार डोकावलो. त्या वेळी जे केवळ परिभाषा म्हणून घोकले होते त्याचा अर्थ मला साठीनंतर वाहिन्यांनी शिकविला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. न्यायशास्त्रात चर्चेला 'कथा' म्हणतात आणि तिचे तीन प्रकार मानतात. पहिला वाद. यात दोघांनाही सत्य हवे असते. प्रमाणे व तर्क यांच्या आधाराने ते आपापला पक्ष मांडतात आणि हरण्याची लाज कोणास नसते. गुरुशिष्यांची किंवा सहाध्यायांची चर्चा ती अशी. दुसरा जल्प. यात सत्य नव्हे, तर जय हवा असतो, म्हणून छल, जाती यांसारखी आडवळणेही चालतात. तिसरी वितंडा. हीत स्वतःचा पक्ष काही मांडावयाचाच नसतो. समोरच्याचे मोडले की काम झाले.

छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा त्याच्या मनात नसलेला अर्थ काढून त्याला पकडणे. 'नव' म्हणजे नवा आणि 'नव' म्हणजे नऊ. एखाद्याने नवीन कांबळे पांघरले आहे असे कोणी म्हणताच, "त्याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत?" असे ओरडावयाचे, हे छलाचे शाळेतले उदाहरण. माझे एक वाक्य ठेवून दुसरे कापणारा जो कोणी त्या वाहिनीत बसला होता, त्याने या जुन्या विद्येत भरच घातली म्हणावयाची.

न्यायसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. ज्या चुकीसरशी वक्ता हरला असे धरावयाचे, ते निग्रहस्थान. आमच्या घरी आता हा एक खेळच होऊन बसला आहे. चर्चेचा विषय दुधाचा दर असताना जो प्रवक्ता इतिहासकालीन अपमानाकडे वळतो, त्याचे ते 'अर्थान्तर'. जो तेच वाक्य चौथ्यांदा म्हणतो त्याचे 'पुनरुक्त'. कठीण प्रश्न येताच ज्यास दुसऱ्या कार्यक्रमास जाण्याची घाई सुटते, त्याचा 'विक्षेप'. आणि सर्वांत लोकप्रिय ती 'मतानुज्ञा' : आपल्या पक्षावरील दोष न खोडता "तुमच्याही राज्यात हेच झाले नव्हते काय?" असे विचारणे. शास्त्रकार म्हणतात की असे विचारणाऱ्याने आपल्यावरील दोष मुकाट्याने मान्य केला, म्हणून तो तेथेच हरला. आमच्या वाहिन्यांवर मात्र हा प्रश्न विचारणारा जिंकलेल्या मुद्रेने मागे टेकून बसतो.

येथे कोणी म्हणेल की शास्त्रकारांनीच जल्पाला आणि वितंडेला जागा दिली, मग दोष कोणाला? तेही खरे आहे. त्यांनी त्याचे कारणही दिले आहे : कोवळ्या रोपांना गुरांपासून राखण्यासाठी शेतकरी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो, तसे सत्याच्या रक्षणासाठी हे प्रकार. आमच्या बाभळीच्या मुलुखात हा दृष्टान्त कोणास समजावून सांगावयास नको. परंतु कुंपण शेतासाठी असते. सायंकाळी सात ते नऊ जे दिसते त्यात शेत कोठेच नसते. बांधापासून बांधापर्यंत सगळे कुंपणच. शिवाय जुन्या सभेत एक मध्यस्थ असे. हरला कोण, विषय सुटला कोठे, हे सांगणे त्याचे काम. आजचा सूत्रधार मध्यस्थाच्या आसनावर बसतो आणि पुष्कळदा स्वतःच सर्वांत मोठ्याने बोलतो. नातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच आहे, की त्या वर्गात बाईच नाहीत.

हे नेहमीच असे नव्हते. मार्च १९७७ मध्ये लोकसभेचे निकाल लागले तेव्हा मी नुकताच शाळेत लागलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात एक ट्रान्झिस्टर ठेवला होता आणि त्याभोवती निम्मे गाव. पूर्वी जिला नभोवाणी म्हणत, त्या आकाशवाणीवरून उमेदवाराचे नाव व मतांचा आकडा येई. त्याचा अर्थ काय, हे आमचे आम्हीच ठरवीत असू. आकाशवाणी सरकारची होती, आणि आणीबाणीत तिने काय सांगितले व काय दडविले हे त्या पिढीला ठाऊक आहे. म्हणून तो काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. फरक आहे तो एवढाच, की त्या वेळी मतपत्रिका हाताने मोजीत, मोजणीला दोन-तीन दिवस लागत आणि बोलणे थोडे असे. आता यंत्रामुळे मोजणी दुपारपर्यंत संपते आणि बोलणे तीन महिने चालते. २०२४ साली बारामतीचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मोजणी ४ जूनला. मते पेटीत बंद, ती कोणासच दिसत नाहीत. तरी मधले चार आठवडे ती काय आहेत हे सांगणाऱ्यांची रीघ लागली होती.

या चार आठवड्यांत आमच्या तालुक्यात काय घडत होते? त्या साली उजनीचे पाणी जानेवारीतच उण्यात गेले होते. उणे म्हणजे वापरावयाचा साठा संपून धरणाच्या तळचा मृतसाठा उपसू लागणे. भीमेच्या काठचे शेतकरी पंपाचे पाइप रोज पुढे पुढे ओढीत होते. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला पाणी केव्हा पोहोचेल, लाकडी-निंबोडी उपसा योजनेचे पाणी इंदापूरला मिळेल की सोलापूरचा विरोध ते अडवील, दुधाला लिटरमागे काय पडेल, याच गोष्टी एस. टी. स्टँडवर आणि चहाच्या दुकानात चालल्या होत्या. वाहिनीवर मात्र मी पाहिलेल्या संध्याकाळी एकच विषय : पवार विरुद्ध पवार. जणू या मतदारसंघात पवार नावाचे एक घर तेवढे आहे आणि दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर व खडकवासला हे त्याचे अंगण आहे.

२१ मे रोजी सायंकाळी मोठे वादळ झाले. करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. धरणाचे पाणी आले तेव्हापासून समोर दिसणाऱ्या गावाला जावयाचे तर नाव, नाही तर कित्येक कोसांचा वळसा, अशी त्या काठची स्थिती. पुलाची मागणी फार जुनी. त्या रात्री वीज गेली होती. अंधारात फाटकावर काठी वाजली. नाना होते. त्यांचा एक आप्त त्या काठाला राहतो. तो सुखरूप आहे एवढे सांगून ते ओसरीवर बसले. चहा घेतला नाही. आम्ही दोघे म्हातारे बराच वेळ त्या नावेविषयी आणि न झालेल्या पुलाविषयी बोललो. संच बंद होता. कौल कोणाला, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. दुसऱ्या पहाटे पाचास काठी पुन्हा वाजली.

वाहिन्यांच्या मोटारी कळाशीसही आल्या. शोध संपेपर्यंत त्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच ती वार्ता राज्यभर पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. पण काठावरच्या कोळ्याला, नावाड्याला सायंकाळच्या चर्चेत बसवून "हा पूल का होत नाही?" असे अर्धा तास कोणी विचारलेले मी पाहिले नाही. पुढच्याच आठवड्यात आकड्यांचा हंगाम सुरू झाला.

मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे शेवटच्या फेरीचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत जाहीर करता येत नाहीत, असा कायदा आहे. १ जूनच्या सायंकाळी ते बंधन सुटले आणि आकडे बरसले. ॲक्सिस माय इंडिया या संस्थेने केंद्रातील सत्ताधारी आघाडीस ३६१ ते ४०१ जागा दिल्या. ४ जूनला प्रत्यक्षात मिळाल्या २९३. त्या संस्थेचे प्रमुख प्रदीप गुप्ता यांना त्या दिवशी सर्वांसमक्ष वाहिनीवर रडू कोसळले. पुष्कळांनी त्यांची चेष्टा केली. मला मात्र तो माणूस त्या मंडपातील सर्वांत प्रामाणिक वाटला. चुकल्याचे दुःख झालेला तेवढा तोच दिसला. याच काळात योगेंद्र यादव यांनी गावोगाव हिंडून एकट्या भाजपच्या २४० ते २६० जागा सांगितल्या होत्या. त्या पक्षास २४० मिळाल्या. यावरून एक पंडित व दुसरा अपंडित असे ठरवू नये, कारण त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा ॲक्सिसने महायुतीस १७८ ते २०० जागा दिल्या होत्या, आणि महायुतीच्या मुख्य तीन पक्षांना २८८ पैकी २३० मिळाल्या. म्हणजे आकडा पुन्हा चुकला, तरी या खेपेस वाऱ्याची दिशा बरोबर होती.

आता आमच्या बारामतीचे पाहा. ४ जून २०२४ रोजी सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या. खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांना सुमारे ४८ हजारांचे आधिक्य होते. दुसऱ्या दिवशी विश्लेषकांनी सांगितले, ही सहानुभूती. थोरल्या साहेबांना लोकांनी सोडले नाही. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच बारामतीत अजित पवार आपले पुतणे युगेंद्र पवार यांच्याविरुद्ध १,००,८९९ मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी त्याच तोंडांनी सांगितले, हा विकासाला कौल. ही लाडक्या बहिणींच्या महिना दीड हजार रुपयांची कृपा. दोन्ही स्पष्टीकरणांत तथ्य असेल. पण जूनमध्ये सांगितलेले नोव्हेंबरात का लागू पडले नाही, हे कोणी कोणास विचारले नाही. आमच्या बाजारातील भाजीवाल्या आजींनी मला ते एका वाक्यात सांगितले, "मास्तर, दिल्लीला कोण धाडायचं ते येगळं, आन् घरचं काम कुणाला सांगायचं ते येगळं." त्यांनाही पुढचे कळत होते असे मी म्हणत नाही, पण त्या मतदार होत्या आणि स्वतःच्या मनातले सांगत होत्या.

जुन्या शास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगावी अशी ज्याला इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे स्पष्ट सांगतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू आहे. म्हणजे पदवी, कूळ, कोट किंवा वाहिनीवरील आसन यांनी आप्तत्व येत नाही. उजनीच्या पाण्याविषयी कळाशीचा कोळी हा आप्त आहे. मुंबईच्या मंडपातील गृहस्थ नव्हे. आणि उलट, दिल्लीतील कायद्याच्या बारकाव्याविषयी तो मुंबईचा गृहस्थ आप्त असू शकेल; तेथे आमच्या पारावरील मंडळींनी गप्प बसावे.

या संबंधात एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटते. बारामतीस विद्या प्रतिष्ठानचे स्वतःचे सामुदायिक आकाशवाणी केंद्र आहे, वसुंधरा वाहिनी या नावाचे, ९०.४ मेगाहर्ट्झवर. शेती, आरोग्य, स्त्रियांचे विषय, मुलांची गाणी, असे सर्व काही अशा केंद्रावरून स्थानिक माणसांच्या आवाजात करता येते. पण केंद्र सरकारच्या नियमावलीप्रमाणे सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम करण्यास मनाई आहे. पुढे आकाशवाणीच्या बातम्या लावण्यापुरती सवलत मिळाली. डाळिंबावरील तेल्या रोगावर बोलावे. पण डाळिंबाचे पाणी कोणत्या मंत्र्याने कोठे वळविले यावर बोलू नये. या मनाईलाही कारण आहे. लहान केंद्र एखाद्या पुढाऱ्याच्या मुठीत जाणे अवघड नाही, हे आम्ही ग्रामीण माणसे चांगले जाणतो. तरी परिणाम काय झाला पाहा. ज्यांना येथील गोष्टी ठाऊक आहेत त्यांना ध्वनिक्षेपकावर राजकारण बोलता येत नाही, आणि ज्यांना ठाऊक नाहीत ते दोन तास दुसरे काही बोलत नाहीत.

मग संच विकून टाकावा काय? आमच्या वहिनींचे मत तसे आहे, माझे नाही. राज्यकारभारावर जाहीर चर्चा होणे ही लोकशाहीतील मोठी सोय आहे, आणि ती बंद पडते तेव्हा काय होते हे आणीबाणीत मी पाहिले आहे. बरे विश्लेषक आहेत; ते हळू बोलतात, "मला माहीत नाही" असे म्हणतात, आणि म्हणूनच त्यांना क्वचित बोलावणे येते. त्यांना निवडून ऐकावे. त्यासाठी आमच्या घरात तीन नियम केले आहेत, ते वाचकांच्या उपयोगी पडले तर पाहावेत.

पहिला, ताट वाढल्यावर संच बंद. हा वहिनींचा नियम आहे आणि तो एकमताने संमत झाला, कारण विरुद्ध मत देणाऱ्यास आमटी मिळणार नव्हती.

दुसरा, जो कोणी विश्लेषकाचे वाक्य घरात आणील त्याने त्याबरोबर तीन प्रश्नांची उत्तरेही आणावीत. हा गृहस्थ ज्या गावाविषयी बोलतो तेथे तो केव्हा गेला होता? मागच्या वेळी तो काय म्हणाला होता? आणि त्याचे म्हणणे खोटे ठरले तर त्याचे काय जाते? चिरंजीव व पुतणे यांची निम्मी वाक्ये या उंबरठ्यावरच अडली. उरलेल्या निम्म्यांवर ते आता खरोखरीचा वाद करतात, आणि तो ऐकावयास मलाही आवडतो.

तिसरा नियम वहीचा. ऑगस्ट २०२४ पासून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. निकालापूर्वी कोण काय म्हणाला ते तारखेनिशी लिहावयाचे आणि निकालानंतर तांबड्या शाईने गुण द्यावयाचे. नानांनी अट घातली की, मास्तरांनीही आपले भाकित लिहावे. नुसते दुसऱ्यांचे पेपर तपासू नयेत. ती अट न्याय्य होती. विधानसभेच्या वेळी आम्ही दोघांनी वीस प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या पानांवर लिहून पाने चिकटवून टाकली. बारामतीत जूनचीच पुनरावृत्ती होईल असे मी लिहिले होते. ते किती चुकले हे वर आलेच आहे. इंदापुरात हर्षवर्धन पाटील थोडक्यात येतील असा माझा होरा होता, कारण २०१९ साली ते दत्तात्रय भरणे यांच्याकडून अवघ्या ३,११० मतांनी पडले होते. भरणे १९,४१० मतांनी आले, आणि प्रवीण माने या अपक्षाने ३७ हजारांहून अधिक मते घेतली. हा तिसरा उमेदवार माझ्या उत्तरात नव्हताच. तो माझ्याच गावात, रोज माझ्या घरावरून प्रचार करीत जात होता; तरी दोघांची झुंज पाहण्याची सवय डोळ्यांस इतकी लागली होती की, तिसरा दिसला नाही. मग मुंबईच्या मंडळींना मी कोणत्या तोंडाने हसावे?

पाने उघडली तेव्हा नानांना वीसपैकी सात गुण पडले आणि मला सहा. शाळेच्या हिशेबाने पस्तीस टक्क्यांस उत्तीर्ण धरतात, म्हणून नाना काठावर उत्तीर्ण आणि मास्तर नापास. हा निकाल नानांनी चार घरी पेढे वाटून साजरा केला.

नातीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ही सर्व माणसे एकदम बोलतात, कारण त्यांचा पेपर कोणी तपासत नाही. तपासणारा आहे असे कळले की माणूस हळू बोलतो, विचार करून बोलतो, आणि प्रसंगी गप्पही बसतो. ही तपासणी वाहिनी करणार नाही, सरकारनेही करू नये. ती घराघरांतून, एका साध्या वहीने होण्यासारखी आहे. आमची वही नातीने पाहिली आणि वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले : 'आजोबा - पुन्हा परीक्षेस बसणे.'

तसा बसणार आहे. पहाटेच्या फिरण्यात नानांची माझी तयारी चालू असते. दोघांच्या उत्तरांत फरक असला की आम्ही उभे राहून वाद घालतो, आणि उजाडले की परततो.